मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा, स्टेप बाय स्टेप

मुंबई ते न्यूयॉर्क किती तास लागतात हा प्रश्न चार ठिकाणी विचारला तर चार उत्तरं येतात, एक जण म्हणतो सोळा तास, तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर साडेपाच तास दिसतात, एजंट म्हणतो बावीस तास, आणि जो नुकताच जाऊन आलाय तो म्हणतो अहो दीड दिवस गेला. गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. ज्यांची मुलं-मुली तिकडे आहेत आणि जे आई-बाबा पहिल्यांदाच एवढा लांबचा प्रवास करणार आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण तिकीट काढताना हे गणित नीट केलं तर पैसे, पाय आणि डोकं तिन्ही वाचतं. मुंबई-न्यूयॉर्कचं उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो, पद्धत मात्र कुठल्याही दोन एअरपोर्टना चालते.

स्टेप १: आधी एअरपोर्ट नक्की करा, शहर नाही

हे वाटतं तेवढं फालतू नाही. बुकिंग साइटवर न्यूयॉर्क टाकलं की जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया तिन्ही येतात कारण शहराचा कोड एनवायसी हा तिघांना मिळून आहे. नेवार्क तर न्यूयॉर्क राज्यात नाहीच, ते न्यू जर्सीत आहे. आता एडिसन किंवा त्या पट्ट्यात राहणारी मराठी माणसं भरपूर, त्यांच्या घरी जाणाऱ्यांना नेवार्क कितीतरी जवळ पडतं आणि जेएफकेला उतरलात तर मुलाला अख्खं न्यूयॉर्क शहर पार करून घ्यायला यावं लागतं, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये. हवेतलं अंतर दोन्हीचं जवळजवळ सारखंच आहे, फरक पडतो तो जमिनीवर.

आपल्याकडेही आता तेच. मुंबईचा कोड बीओएम, आंतरराष्ट्रीय फ्लाइट टर्मिनल २ वरून. पण नवी मुंबईचं एअरपोर्ट डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, त्याचा कोड एनएमआय. म्हणजे पुढे-मागे कुठली डोमेस्टिक जोडफ्लाइट घेतलीत तर ती कुठल्या मुंबईत उतरतेय ते बघायलाच पाहिजे. गोव्यातही दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. हे तीन अक्षरी कोड कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्यांच्यावर करायचंय.

स्टेप २: सरळ अंतर काढा

इथे सरळ म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. सोपा मार्ग म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे तिथे दोन कोड टाकायचे की आकडा आला, किंवा गूगल अर्थमध्ये मोजपट्टीचं टूल घेऊन दोन टोकांवर क्लिक करायचं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा, दोरा जिथून जाईल तोच रस्ता, नातवंडांना दाखवायला हे फार छान पडतं.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी कॅल्क्युलेटरची पद्धत देतो, दहावीचं त्रिकोणमिती आठवत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. मुंबई १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम आहे म्हणून रेखांशांची बेरीज करायची, ती येते १४६.६५ अंश. (बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करायची, सॅन फ्रान्सिस्कोला तसंच करावं लागतं.) मग सूत्र असं:

कॉस(अंतर) = साइन(१९.०९) × साइन(४०.६४) + कॉस(१९.०९) × कॉस(४०.६४) × कॉस(१४६.६५)

कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते बघा. उत्तर येतं साधारण उणे ०.३८६. त्याचा उलटा कॉस घेतला की ११२.७ अंश. आता पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे १११.२ किमी, गुणाकार केला की १२,५३० किमीच्या आसपास. झालं. विमानवाले नॉटिकल मैलात मोजतात, त्यासाठी अंशांना ६० ने गुणायचं, ६,७६२ येतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. एक्सेलमध्ये करणाऱ्यांनी अंश आधी रेडियनमध्ये बदलून घ्यायचे, नाहीतर भलतंच काहीतरी उत्तर येतं.

पृथ्वी अगदी गोल नाही, मधे थोडी फुगीर आहे, त्यामुळे वेगवेगळ्या साइटवर दहा-पंधरा किमीचा फरक दिसेल. सोडून द्या, त्याने वेळात एका मिनिटाचा फरक पडतो.

स्टेप ३: हा रस्ता कुठून जातो ते एकदा डोळ्याने बघा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक अशी जाते आणि आपल्याला वाटतं हाच जवळचा रस्ता. तो रस्ता मोजला तर १४,२०० किमी भरतो! म्हणजे दोऱ्याच्या रस्त्यापेक्षा जवळजवळ सतराशे किमी जास्त, दोन तासांचा फरक. शाळेतला मर्केटरचा नकाशा ध्रुवांकडची जमीन ताणून मोठी दाखवतो, त्यामुळे वर चढून खाली उतरणारा रस्ता लांबचा वाटतो, आणि असतो तो जवळचा.

खरा ग्रेट सर्कल मुंबईतून निघताना पश्चिमेकडे जातच नाही फारसा, उत्तरेपासून फक्त २७ अंश डावीकडे वळलेला असतो. तो सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान असा वर चढतो, मॉस्कोच्या जवळून जातो, मग हेलसिंकी, नॉर्वे, तिथून आइसलँडच्या बाजूला जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून कॅनडातल्या लॅब्राडोरवर उतरत उतरत न्यूयॉर्कला येतो. यादी परत एकदा वाचा आणि त्यातल्या किती देशांवरून आज निवांत उडता येतं याचा विचार करा.

स्टेप ४: आकाश कुठे बंद आहे ते बघा, इथेच खरा रस्ता ठरतो

कागदावरचं अंतर आणि विमानाने कापलेलं अंतर यात फरक पडतो तो इथे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय एअरलाइन्सना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही मग आपलं केलं, आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. रशियाने २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना आकाश बंद ठेवलंय, एअर इंडियाला तिथून जाता येत होतं, त्यांचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान जून २०२३ मध्ये बिघाड झाल्यामुळे रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं ते त्यामुळेच. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर नेहमीसारखं हवाई नियंत्रण राहिलं नाही म्हणून पुढची काही वर्षं बहुतेक जण तिथून लांबच राहिले. आखातात तर काही तासांत चित्र पालटतं, २३ जून २०२५ ला कतारने अचानक आकाश बंद केलं तेव्हा दोह्याकडे निघालेली विमानं मधूनच वळवावी लागली होती.

यात मुंबईकरांचं एक बरं आहे. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालं की पाकिस्तान लगेच आडवा येतो, त्यामुळे दिल्लीच्या फ्लाइटना खाली गुजरातपर्यंत येऊन समुद्रावर जावं लागतं. मुंबई समुद्रालाच लागून आहे, विमान निघतं तेच अरबी समुद्रावरून ओमान-सौदीच्या बाजूला, मग इजिप्त किंवा तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक. हा रस्ता साधारण तेरा हजार ते साडेतेरा हजार किमी भरतो. म्हणजे पाचशे ते हजार किमी जास्त, वेळात म्हणाल तर अर्धा-पाऊण तास ते सव्वा तास.

पण तेवढ्या जास्तीच्या अंतराने कधी कधी दुसरीच भानगड होते, इंधन. बोइंग ७७७-३०० ईआरची रेंज कागदावर साडेतेरा हजार किमीच्या थोडी वर आहे, ७८७-९ ची चौदा हजार. रस्ता लांबला, समोरून वारा जोरात असला आणि विमान भरलेलं असलं की पुरत नाही, आणि मग मधे इंधनासाठी उतरावं लागतं, त्याला टेक्निकल हॉल्ट म्हणतात. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही फ्लाइट व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबत होत्या, मुंबई-सॅन फ्रान्सिस्को कोलकात्याला थांबत होती. पश्चिमेला जायचं आणि थांबा पूर्वेला कोलकात्याला हे ऐकून लोक चक्रावले, पण सॅन फ्रान्सिस्को मुंबईपासून १३,५०० किमी आहे आणि ते पृथ्वीच्या जवळपास पलीकडच्या बाजूला, त्यामुळे पॅसिफिकवरून पूर्वेकडून जाणं तिथे अगदी शहाणपणाचं असतं. थांब्याला साधारण दीड-दोन तास धरा, बहुतेक वेळा प्रवाशांना खाली उतरवत नाहीत.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या आठवड्याभराच्या फेऱ्या फुकटात दिसतात. कुठून गेली, किती वाजता सुटली, खरंच किती वाजता टेकली. चार-पाच दिवसांच्या बघून घ्या, एका दिवसावर जाऊ नका. एअरलाइनच्या वेबसाइटपेक्षा मला यावर जास्त भरवसा वाटतो, कारण हे घडून गेलेलं असतं.

स्टेप ५: अंतराला स्पीडने भागा, पण कुठल्या?

मोठी विमानं क्रूझला, म्हणजे वर चढून झाल्यावरच्या एकसारख्या उड्डाणात, ताशी साधारण ९०० किमीने उडतात, पण ते हवेच्या तुलनेत. जमिनीच्या तुलनेत किती ते वारा ठरवतो. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे पट्टे असतात, हिवाळ्यात जास्त जोरात, आणि आपला रस्ता नेमका त्याच अक्षांशांतून जातो. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. किती फरक पडू शकतो त्याचं एक टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. अटलांटिकवर तर रस्तेच रोज नव्याने आखतात, त्या दिवशीचा वारा बघून, जाणाऱ्यांचे वेगळे आणि येणाऱ्यांचे वेगळे.

आपलं घरगुती गणित असं करा. जाताना ताशी ८५० धरा, येताना ९५०. तेरा हजार किमीला जाताना १५.३ तास, येताना १३.७ तास, फक्त पन्नास किमीच्या वाऱ्याने दीड तासाच्या वर फरक पडला बघा. यात अर्धा-पाऊण तास मिळवायचा, कारण एअरलाइन जो वेळ छापते तो गेट ते गेट असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, त्यात रनवेपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली येणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं सगळं आलं. म्हणून मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप जाताना साधारण सोळा तास आणि येताना चौदा-साडेचौदा तास दिसतात.

इथे एक प्रश्न हमखास येतो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे यायला पाहिजे ना, मग वेळ कमी का लागत नाही? कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या ट्रेनमध्ये तुम्ही जागच्या जागी उडी मारली तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच.

स्टेप ६: घड्याळाचं गणित यूटीसीतून करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा थांबून वाचा. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची असते, नेहमी. यूटीसी म्हणजे जगाची प्रमाण वेळ, सगळ्या देशांची घड्याळं तिच्यावरून मोजतात. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक आणि उन्हाळ्यात साडेनऊ.

उदाहरण घेऊ. समजा १० जानेवारीला पहाटे २ वाजता मुंबईहून निघालात. साडेपाच तास वजा केले, यूटीसी झाले ९ जानेवारीचे रात्रीचे साडेआठ. त्यात प्रवासाचे १६ तास मिळवले, १० जानेवारी दुपारी साडेबारा यूटीसी. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणजे सकाळचे साडेसात, तारीख तीच १०. तिकिटावर २ ते साडेसात दिसतं आणि लोकांना वाटतं साडेपाच तास. हीच फ्लाइट जुलैत असती तर साडेआठला पोचली असती.

येताना उलट. न्यूयॉर्कहून १० तारखेला दुपारी १२ ला निघालात, यूटीसी संध्याकाळचे ५. साडेचौदा तास मिळवले, ११ तारखेचे सकाळचे साडेसात. भारतात दुपारचा १ वाजला, ११ तारीख. घड्याळात पंचवीस तास दिसतात, प्रवास साडेचौदाचाच. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं ते हेच, दुसऱ्या दिवशी पोचणार. घ्यायला येणाऱ्यांना तारीख सांगताना ते +१ बघूनच सांगा.

अमेरिकेत घड्याळ पुढे करतात मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि मागे करतात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२६ साठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात मात्र मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. दुबई, भारत यांना हा प्रकारच नाही. या मधल्या आठवड्यांत लंडनमार्गे जात असाल तर लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तास असतो, आणि एअरलाइन्सची टाइमटेबलंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच बदलतात. चार महिने आधी तिकीट काढलं असेल तर त्या तारखेनंतर एकदा वेळ परत तपासाच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मध्यरात्रीनंतरची फ्लाइट. मुंबईहून लांबच्या फ्लाइट बऱ्याचशा रात्री १२ ते पहाटे ५ च्या मधे सुटतात. तिकिटावर ११ तारीख ००:३५ लिहिलं असेल तर एअरपोर्टला १० तारखेच्या रात्रीच जायचंय, जेवण करून साडेनऊला टर्मिनलवर. ओळखीतल्या एका काकांनी ११ च्या रात्री घरातून निघायची तयारी ठेवली होती, सुनेने आदल्या दिवशी सहज तिकीट मागून बघितलं म्हणून निभावलं. कॅलेंडरवर ११ ला गोल करू नका, १० ला करा आणि शेजारी "आज रात्री" असं लिहा.

स्टेप ७: नॉनस्टॉप की मधे थांबून?

लोकांना वाटतं दुबईमार्गे म्हणजे खूप वळसा. मोजून बघू. मुंबई-दुबई १,९३० किमी, दुबई-जेएफके ११,००० किमी, एकूण १२,९३०. सरळ रस्त्यापेक्षा फक्त चारशे किमी जास्त, म्हणजे उडण्यात अर्धा तास. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, एकूण १२,७५०, फरक सव्वादोनशेच. म्हणजे आखात आणि युरोप दोन्ही आपल्या वाटेवरच आहेत. या उलट सिंगापूरमार्गे गेलात तर ३,९०० अधिक तिथून न्यूयॉर्क पंधरा हजार तीनशेच्या वर, एकूण एकोणीस हजार पार, सिंगापूर-न्यूयॉर्क ही जगातल्या सगळ्यात लांब फ्लाइटपैकी एक आहे, साडेअठरा तासांच्या आसपास. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून असला रस्ता आई-बाबांसाठी घेऊ नका, मनापासून सांगतो.

मग जास्तीचा वेळ जातो कुठे? लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधल्या थांब्यात. दुबईमार्गे सव्वातीन तास अधिक चौदा तास हवेत, मधे तीन तास थांबलात तर वीस-सव्वावीस होतात, आठ तास थांबलात तर पंचवीस. म्हणून साइटवर किंमतीने लावलेली यादी बघू नका, एकूण वेळेने लावून मग किंमत बघा. दोन फ्लाइट एकाच पीएनआरवर असाव्यात हा माझा अजिबात न बदलणारा नियम. पहिली लेट होऊन दुसरी चुकली तर एका तिकिटावर असताना पुढची सोय करणं एअरलाइनचं काम असतं, वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर ते तुमचं काम आणि तुमचेच पैसे. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघा.

लेओव्हर किती असावा? मला विचाराल तर एका पीएनआरवर, आखातातल्या मोठ्या एअरपोर्टवर अडीच ते चार तास. दीड तासाची जोडणी सिस्टिम विकते, धडधाकट माणूस धावत पोचेलही, पण सत्तरीतल्या माणसाला व्हीलचेअर यायलाच वीस मिनिटं लागतात आणि अमेरिकेच्या फ्लाइटला गेटवर परत एकदा तपासणी असू शकते. अबूधाबीला तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, २०१४ पासून तशी सोय आहे. तिथे तीन तास तरी हातात ठेवा, पण त्याचा फायदा म्हणजे न्यूयॉर्कला डोमेस्टिक प्रवाशासारखं सरळ बाहेर. इंग्रजीत प्रश्नोत्तरांची धास्ती वाटणाऱ्यांना चौदा तासांच्या प्रवासाने थकून जायच्या आधीच ते उरकलेलं बरं पडतं.

न्यूयॉर्कच्या पुढे अजून एक फ्लाइट असेल, समजा ओहायो नाहीतर नॉर्थ कॅरोलायना, तर लक्षात ठेवा की अमेरिकेत पहिल्या एअरपोर्टवरच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून काढायच्या आणि परत द्यायच्या, मुंबईला शेवटच्या गावापर्यंत टॅग लावलेला असला तरीही. तीन तासांपेक्षा कमी वेळ तिथे ठेवू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजीचा सराव नसलेल्या माणसाला नॉनस्टॉप सोपी, कुठे काही बदलायचंच नाही. गुडघे, पाठ, पायाला सूज असा त्रास असलेल्याला मधे एक थांबा बरा, तीन तास चालता-फिरता येतं. सोळा तास एका जागी बसणं ही लहान गोष्ट नाही, दर दोन तासांनी उठून गल्लीतून एक फेरी मारायला आधीच सांगून ठेवा, आयल सीट त्यासाठीच घ्यायची. पायात गुठळी होण्याचा त्रास आधी झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

स्टेप ८: दारापासून दारापर्यंत जोडा

आता खरा आकडा. पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबाचं धरू, कारण हे सगळ्यात जास्त घडतं. फ्लाइट पहाटे २ ला, टर्मिनलवर तीन तास आधी म्हणजे रात्री ११ ला. पुणे-मुंबई एअरपोर्ट दीडशे किमी, साडेतीन-चार तास, पण घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की सगळं कोलमडतं आणि शुक्रवार-रविवार तर विचारूच नका, म्हणून संध्याकाळी ६ ला निघायचं. तिथे आठ तास गेले. हवेत सोळा. सकाळी साडेसातला उतरून इमिग्रेशन, बॅगा धरून साडेनऊला बाहेर. तिथून एडिसन दीड तास, अकराला घरी. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. सहा ते दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ, साडेसत्तावीस तास, आणि हे सगळं वेळेवर झालं तर!

याच हिशोबाने कधी कधी वेगळंच उत्तर निघतं. विदर्भातल्या माणसाने नागपूर-मुंबई फ्लाइट, मग मुंबईत टर्मिनलवर ताटकळत बसणं, मग सोळा तास असं जोडून बघावं आणि शेजारी नागपूर-दोहा-न्यूयॉर्क एका तिकिटावर जोडून बघावं. कोल्हापूर-सांगलीकरांनी गोव्यातून निघणं आणि मुंबईला येणं यातलं काय जवळ पडतं ते असंच मोजावं. नॉनस्टॉप हा शब्द ऐकून भुलू नका, तुमच्या दारापासून मोजा.

गोळ्यांचं तेवढं लक्षात ठेवा, ते राहून जातं. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी घड्याळ बघून घेतली तर प्रवासात हमखास चुकते कारण घड्याळ साडेदहा तास मागे गेलेलं असतं. निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवा, प्रवासाचे एकूण तास सांगा आणि कुठली गोळी निघाल्यापासून किती तासांनी घ्यायची ते लिहून घ्या, इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. प्रवासात आई-बाबांचं हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, औषधं त्यावर, आणि फोन आपला आपण स्थानिक वेळ दाखवतोच. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, चार-पाच दिवसांची जास्तीची धरून.

स्टेप ९: निघायच्या दोन दिवस आधी

एक कागद करा आणि त्याची प्रत दोन्ही घरी ठेवा. त्यावर फ्लाइट नंबर, पीएनआर, कोड, निघायची वेळ भारतीय, पोचायची वेळ अमेरिकन, आणि त्याच्याच खाली पोचायची वेळ भारतीय. ही शेवटची ओळ मागे घरी राहिलेल्यांसाठी असते. आमच्याकडे आजी रात्रभर जागी असायची, अजून फोन का नाही म्हणून, एकदा कागदावर "आपल्या संध्याकाळी सहा वाजता टेकेल, फोन साडेसात-आठपर्यंत येईल" असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं की ती निवांत झोपते. फ्लाइटरडार२४ तिच्या टॅबवर लावून दिलं तर विमान तुर्कस्तानवर आलं की सांगतेही.

निघायच्या दिवशी दुपारी तोच फ्लाइट नंबर परत टाकून तुमचं विमान येताना किती लेट आहे ते बघा, जे विमान तिकडून येतं तेच बहुतेक वेळा साफसफाई करून परत जातं, ते अजून अटलांटिकवर असेल तर तुमची फ्लाइटही लांबणार, एअरलाइनचा मेसेज यायच्या आधीच कळतं. तरीही घरातून उशिरा निघू नका, कधी कधी दुसरं विमान लावतात आणि काउंटर मात्र ठरल्या वेळेलाच बंद होतो.